गरजेचा प्रदेश

आमच्या शेजारी वाढलेला एक मुलगा डॉक्टर झाला आणि काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात गेला. महाराष्ट्रातील एका शासकीय महाविद्यालयाची पदवी, जिल्हा रुग्णालयातील चार वर्षांचा अनुभव आणि तिकडच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यातील यश, एवढी शिदोरी घेऊन तो न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान गावी रुजू झाला. पहिल्या महिन्यात त्याचा दूरध्वनी आला तेव्हा त्याच्या आवाजात आनंद कमी आणि संकोच अधिक होता. तपासलेल्या प्रत्येक रोग्याविषयी त्याला एका वृद्ध डॉक्टरांशी बोलावे लागे. साधा खोकला असो की छातीतली कळ असो, त्या वृद्धाची मान हलल्याखेरीज रोग्याला घरी पाठवण्याची मुभा त्याला नव्हती. इथे ज्याने अपघातातील जखमींनी भरलेला कक्ष एकेका रात्री एकट्याने सांभाळला होता, त्याला तिथे पुन्हा पाटी-पेन्सिल हाती घ्यावी लागली होती. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, हे सगळं मी अपात्र आहे म्हणून, की अनोळखी आहे म्हणून?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. धीर देणारे चार शब्द बोलून मी विषय बदलला. परंतु प्रश्न मनात राहिला. प्रश्न एका तरुणाच्या मानापमानाचा दिसतो. वस्तुतः तो त्याहून पुष्कळ मोठा आहे. अनोळखी माणसाच्या हाती आपला देह सोपवताना समाजाने त्याच्याकडून काय मागावे, आणि ते मागताना आपणही त्याला काय द्यावे, हा तो प्रश्न आहे.

प्रथम ती व्यवस्था समजून घेतली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात 'गरजेचा प्रदेश' या अर्थाची एक संज्ञा आहे. ज्या भागाला किंवा ज्या सेवेला पुरेसे डॉक्टर मिळत नाहीत, तो भाग शासन गरजेचा म्हणून जाहीर करते. अशा ठिकाणी परदेशात शिकलेल्या डॉक्टरला, त्याने पूर्ण नोंदणीच्या सर्व पायऱ्या ओलांडलेल्या नसल्या तरी, मर्यादित नोंदणी देता येते. ही नोंदणी एका वेळी फार तर बारा महिन्यांची असते. ती विशिष्ट जागेशी आणि विशिष्ट कामाशी बांधलेली असते. आणि ती देखरेखीच्या अटीवर असते. २०१० साली राज्याराज्यांची निरनिराळी मंडळे जाऊन एकच राष्ट्रीय नोंदणी आली, त्यानंतर या देखरेखीचे चार स्तर आखले गेले. पहिल्या स्तरावर ज्येष्ठ डॉक्टर त्याच वास्तूत हजर हवा आणि प्रत्येक रोग्याची मुख्य जबाबदारी त्याचीच. दूरध्वनीवरचा सल्ला तेथे चालत नाही. दुसऱ्या स्तरावर जबाबदारी दोघांत वाटली जाते. तिसऱ्यावर ती मुख्यतः नवागताची होते आणि ज्येष्ठ दूरध्वनीच्या अंतरावर राहतो. चौथ्यावर नवागत सर्व भार स्वतः पेलतो; ज्येष्ठ अधूनमधून त्याचे काम पाहतो. आमचा तरुण मित्र पहिल्या स्तरावर होता.

या रचनेकडे शांतपणे पाहिले तर तिच्यात एक शहाणपण आहे हे मान्य करावे लागते. जबाबदारी ही एकदम सोपवण्याची वस्तू नाही. ती हळूहळू एका हातातून दुसऱ्या हातात जावी लागते. आपल्या परंपरेतही हा विचार नवा नाही. सुश्रुताने केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ हातांनी कर्म जाणणारा, अशा दोघांनाही अपुरे मानले आणि त्यांना एकाच पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली. शास्त्र आणि कर्म दोन्ही आत्मसात केल्यावर, राजाची अनुज्ञा घेऊन मगच वैद्याने व्यवसायात पाऊल ठेवावे, असे त्याचे सांगणे आहे. एवढ्यावर तो थांबत नाही. लोभी कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असेही तो म्हणतो. दोषाचा हा वाटा लक्षात घेण्याजोगा आहे. वैद्याच्या अपराधात अनुज्ञा देणाराही भागीदार असतो, ही जाणीव इतकी जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८५८ साली आणि आपल्या मुंबई इलाख्यात १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे झाले, त्यांचा आशयही हाच. नोंदणी म्हणजे समाजाने रोग्याला दिलेले वचन: या माणसाला आम्ही पारखले आहे, तू डोळे मिटून झोप.

आता अडचण अशी की हे वचन 'गरजेच्या प्रदेशात' थोडे सैल करावे लागते. आपल्याकडे 'गरजवंताला अक्कल नसते' अशी म्हण आहे. वरवर ती गरजवंताची टिंगल करते असे वाटते. पण तिच्यात एक कठोर निरीक्षण दडलेले आहे. गरज माणसाचा निवडीचा अधिकार काढून घेते आणि ज्याला निवडता येत नाही, त्याला पारखण्यातही अर्थ उरत नाही. समोर एकच डॉक्टर असताना तो चांगला की वाईट असे विचारून रोग्याने करायचे काय? या व्यवहारात तर गरजवंत दोन आहेत. गावाला डॉक्टर हवा आहे आणि डॉक्टरला नोंदणी, वेतन, मुलांची शाळा आणि त्या देशात राहण्याचा परवाना हवा आहे. दोन गरजवंत समोरासमोर आले म्हणजे शहाणपण दाखवण्याचे कर्तव्य तिसऱ्यावर येऊन पडते. तो तिसरा म्हणजे सुश्रुताचा राजा, आजच्या भाषेत राज्यसंस्था. आणि खरी गोम येथेच आहे. कारण ओस पडलेला दवाखाना हे राज्यसंस्थेचेही अपयश असते. तो लवकर भरावा ही तिचीही गरज असते. म्हणजे पारखणारा तिसराही गरजवंतच निघतो.

या ठिकाणी एक युक्तिवाद नेहमी केला जातो. दगडापेक्षा वीट मऊ. डॉक्टरच नसण्यापेक्षा थोडा कमी पारखलेला डॉक्टर बरा. या युक्तिवादाला हसून चालणार नाही. ज्या गावातून सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय तीनशे किलोमीटरवर आहे, त्या गावातल्या बाळंतिणीला तत्त्वचर्चा नको असते. तिला या क्षणी कोणीतरी हवे असते. परंतु युक्तिवाद पुरता खराही नाही. डॉक्टर नाही हे ज्याला ठाऊक असते, तो गाडी काढतो, मदत मागतो, वाट पाहतो. डॉक्टर आहे असे ज्याला सांगितले जाते, तो या सर्व खटपटी सोडून देतो आणि विश्वासाने त्या खाटेवर आडवा होतो. म्हणून अपात्र डॉक्टर हा 'नसलेल्या' डॉक्टरपेक्षा अधिक घातक ठरू शकतो. शिवाय दूरच्या गावातल्या माणसाचे आतडे शहरातल्या माणसाच्या आतड्यापेक्षा कमी मोलाचे, असे कोणताही कायदा उघडपणे म्हणू शकत नाही. जे उघडपणे म्हणता येत नाही, ते व्यवहाराने मुकाट्याने म्हणावे का?

देखरेखीची अट ही या दोन टोकांमधला पूल आहे. डॉक्टर हवा, पण मानही खाली येता कामा नये. तेव्हा अपुऱ्या ओळखीची उणीव ज्येष्ठाच्या सहवासाने भरून काढावी, अशी ही कल्पना. तिचे समर्थन केवळ याच पायावर होऊ शकते. म्हणूनच देखरेख कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात नाहीशी झाली, तर नोंदणीतली सवलत उरते आणि तिचे नैतिक कारण मात्र निघून जाते. असे होते तेव्हा काय घडते, याचे उदाहरण क्वीन्सलँड राज्यातील बंडाबर्ग या गावाने जगापुढे ठेवले आहे.

बंडाबर्ग हे ब्रिस्बेनच्या उत्तरेला साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर असलेले, उसाच्या शेतीसाठी ओळखले जाणारे गाव. तेथील सरकारी रुग्णालयात २००३ च्या एप्रिल महिन्यात जयंत पटेल नावाचे शल्यचिकित्सक 'गरजेच्या प्रदेशा'च्या नोंदणीवर रुजू झाले. त्यांचे मूळ वैद्यकीय शिक्षण गुजरातेत आणि पुढील प्रशिक्षण अमेरिकेत झाले होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या वैद्यक मंडळाने २००० साली यकृत आणि स्वादुपिंड यांवरील मोठ्या शस्त्रक्रिया करण्यास त्यांना मनाई केली होती. न्यूयॉर्क राज्यातील परवाना त्यांनी २००१ साली परत केला होता. हे त्यांनी अर्जात लपवले. परंतु लपवणाऱ्याचा दोष सांगून गोष्ट संपत नाही. ओरेगॉनहून आलेल्या त्यांच्या प्रमाणपत्रात सोबतच्या जोडपत्राचा उल्लेख होता. जोडपत्र मात्र सोबत नव्हते. ते कोठे गेले, असे कोणी विचारले नाही. रुग्णालयाने आपल्या नियमांप्रमाणे त्यांची पात्रता स्वतः तपासून घ्यायची होती. तीही तपासली गेली नाही. आणि काही दिवसांतच त्यांना शल्यविभागाचे प्रमुख करण्यात आले. ज्याच्या कामावर नजर असायची, तोच नजर ठेवणाऱ्याच्या आसनावर बसला.

त्या लहान रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला न पेलणाऱ्या शस्त्रक्रिया तेथे होऊ लागल्या. विभागाच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन यांनी २००३ पासूनच शंका बोलून दाखवली होती. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सविस्तर लेखी तक्रार केली. तक्रार वरिष्ठांच्या मेजावर पडून राहिली. अखेर २००५ च्या मार्च महिन्यात त्या स्थानिक आमदाराकडे गेल्या आणि प्रकरण राज्याच्या विधानसभेत पोहोचले. एप्रिलमध्ये एका पत्रकाराने पटेल यांचे नाव संगणकावर शोधून पाहिले, तेव्हा अमेरिकेतील आदेश त्याला सहज सापडले. दोन वर्षे एका वैद्यक मंडळाला आणि एका रुग्णालयाला जे दिसले नव्हते, ते कोणालाही पाहता येण्याजोगे होते. त्या वर्षाअखेर जेफ्री डेव्हिस यांच्या चौकशी आयोगाने अहवाल दिला आणि या सर्व कारभाराचे अपयश नोंदवले. न्यायालयातला शेवट मात्र लोकांच्या संतापाइतका सरळ नव्हता. २०१० साली तिघांच्या मृत्यूंबद्दल पटेल यांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा झाली. २०१२ साली देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ती रद्द केली. २०१३ च्या फेरखटल्यात एका मृत्यूच्या आरोपातून ते निर्दोष सुटले. पुढे फसवणुकीचे गुन्हे त्यांनी कबूल केले आणि त्यासाठी स्थगित शिक्षा झाली. २०१५ साली ऑस्ट्रेलियात वैद्यक व्यवसाय करण्यास त्यांना कायमचा मज्जाव करण्यात आला.

या हकिगतीतून काढले जाणारे अनुमान सहसा एकच असते: परदेशी डॉक्टर धोक्याचे असतात. हे अनुमान चुकीचे आहे आणि अन्यायाचेही. पटेल यांच्याविषयीचा इशारा कोणत्याही गरीब देशाच्या दुबळ्या परीक्षेत दडलेला नव्हता. तो अमेरिकेतील सरकारी दप्तरात लिहिलेला होता. शिक्षण कोठे झाले हा तेथे प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कोणी लक्ष दिले का, हा. तरीही पुढची कितीतरी वर्षे त्या नावाची सावली इतर भारतीय डॉक्टरांच्या दारात पडत राहिली. माझ्या तरुण मित्रालाही एका वृद्ध रोग्याने पहिल्याच भेटीत विचारले होते, "तुम्ही त्याच देशातले ना?"

'लक्ष' हा शब्द मी येथे जाणून वापरला. मराठीत लक्ष दोन प्रकारचे असते. आपण लक्ष ठेवतो आणि आपण लक्ष देतो. चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवायचे असते, अंगणात वाळत घातलेल्या डाळीवर ठेवायचे असते, संशयिताच्या हालचालींवर ठेवायचे असते. लक्ष द्यायचे असते ते अभ्यासाकडे, आजाऱ्याच्या कण्हण्याकडे, समोरच्याच्या बोलण्याकडे. ठेवलेले लक्ष ठेवणाऱ्याचेच राहते. त्यात समोरच्याला काही मिळत नाही. दिलेले लक्ष दुसऱ्याचे होते. त्याच्यासाठी वेळ खर्चावा लागतो, स्वतःचे काम थोडे बाजूला सारावे लागते. आणि गमतीची गोष्ट ही की दोष सापडतात तेही बहुधा लक्ष देणाऱ्यालाच. बंडाबर्गमध्ये कागदांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. रोग्यांकडे लक्ष देणारी एक परिचारिका होती. काय दिसायचे ते परिचारिकेला दिसले.

माझ्या मते देखरेखीच्या नैतिक प्रश्नाचे मर्म या दोन क्रियापदांच्या फरकात आहे. देखरेख जेव्हा केवळ लक्ष ठेवण्याची रीत होते, तेव्हा ती नवागताला अपमानकारक वाटते आणि रोग्यालाही वाचवत नाही. दर तीन महिन्यांनी भरायचा एक तक्ता, त्याखाली एक स्वाक्षरी, एवढ्यावर ती समाधान मानते. देखरेख जेव्हा लक्ष देणे असते, तेव्हा तीच रीत दोघांचेही संरक्षण करते. अनोळखी रोगांचे, औषधांच्या निराळ्या नावांचे, कमी बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या 'बरं आहे' या शब्दामागच्या वेदनेचे ज्ञान कोणत्याही परीक्षेतून मिळत नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडूनच मिळते. मग 'मी अपात्र की अनोळखी' या प्रश्नाचे रूपच बदलते. अनोळखी असणे हा दोष नाही. पण ती एक उणीव आहे, आणि ती केवळ येणाऱ्याची नाही. गावालाही तो अनोळखी आहे आणि त्यालाही गाव. ही दुहेरी उणीव भरून काढण्याची जबाबदारी एकट्या येणाऱ्यावर टाकणे हा खरा अन्याय.

परदेशी शिक्षणाचा अर्थ किती बदलू शकतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवी घेऊन परतल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्रियांचा विभाग त्यांच्या हाती सोपवण्याचे ठरवले. डॉक्टर स्त्रीच्या दृष्टीने सारा देशच तेव्हा गरजेचा प्रदेश होता. काम सुरू होण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाबतीत परदेशी पदवी हा गौरव होता. आज मात्र ऑस्ट्रेलियात ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा आणि न्यूझीलंड यांच्या परीक्षा दिलेल्यांसाठी जवळची वाट आहे आणि इतरांसाठी लांबची. याला केवळ पक्षपात म्हणता येणार नाही. ज्या परीक्षांची ओळख आहे त्यांवर विश्वास ठेवणे स्वाभाविक आहे. पण ओळख हीदेखील इतिहासाने वाटलेली संपत्ती आहे, आणि ती सर्वांना सारखी वाटली गेलेली नाही, एवढे भान निर्णय करणाऱ्याने ठेवावे.

आता त्या पेचाकडे वळू, ज्याला कोणताही नियम पुरा पडत नाही. ज्या गावात डॉक्टर नाहीत, तेथे देखरेख करणारा ज्येष्ठ डॉक्टर तरी कोठून येणार? गरज जितकी तीव्र, तितका शिक्षक दुर्मीळ. म्हणजे देखरेख जेथे सर्वांत आवश्यक, तेथेच ती सर्वांत अशक्य. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्तर खाली आणणे: पहिल्याचा तिसरा करणे, उपस्थितीच्या जागी दूरध्वनी, दूरध्वनीच्या जागी अहवाल. प्रत्येक पायरी समंजसपणाची वाटते. शेवटी मात्र एक परका तरुण रात्री दोन वाजता एकटा उभा राहतो आणि कागदावर त्याच्यामागे कोणीतरी आहे असे लिहिलेले असते. माझे मत असे की ज्येष्ठाची उपस्थिती जेथे देता येत नाही, तेथे अनोळखी डॉक्टरला प्रथम पाठवू नये. त्याला आधी जेथे ज्येष्ठ आहे तेथे ठेवावे, आणि तोवर त्या दूरच्या गावात ज्येष्ठांना आळीपाळीने पाठवावे. हे खर्चाचे आहे, हे मला मान्य आहे. तोवरच्या काळात एखादा रोगी उपचारावाचून जाईल, हाही आक्षेप खोटा नाही, आणि त्याचे पूर्ण समाधान माझ्याजवळ नाही. पण याच क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावातून १९२८ साली विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली होती, हे विसरता येत नाही. अंतर हा निसर्गाचा नियम आहे. ते ओलांडायचे की नाही हा समाजाचा निर्णय असतो.

दुसरी बाजू डॉक्टरच्या परावलंबनाची. १९९७ पासून परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांवर ऑस्ट्रेलियात अशी अट आहे की सरकारी आरोग्यविम्यातून मोबदला मिळवायचा तर साधारणपणे दहा वर्षे टंचाईच्या भागात काम करावे. मर्यादित नोंदणीच्या काळात तर नोकरी गेली की नोंदणीचा आधारच जातो आणि नोंदणी गेली की बहुधा देशात राहण्याचा हक्कही डळमळतो. २०१२ साली तेथील संसदेच्या समितीने या साऱ्या गुंतागुंतीचा अहवाल दिला, त्याच्या नावाचाच अर्थ 'भुलभुलैयात हरवलेले' असा होता. अशा माणसाने रुग्णालयातील एखादी चूक पाहिली, तर तो बोलेल का? बंडाबर्गच्या परिचारिकेला बोलण्यासाठी जे धैर्य लागले, त्याच्या कितीतरी पट धैर्य त्याला लागेल. देखरेख करणारा आणि नोकरीवर ठेवणारा एकच असला, तर ज्येष्ठाची स्वाक्षरी ही विद्येची पावती न राहता वेठीची दोरी होते. जो समाज अनोळखी माणसाला सर्वांत कठीण जागी पाठवतो, त्याने निदान त्याचे तोंड तरी बांधू नये.

व्हिक्टोरिया राज्यातील हॉर्शम या गावी २००८ साली एक प्रसंग घडला. तेथे काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरला कायमच्या वास्तव्याचा परवाना नाकारण्यात आला. कारण त्याच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता आणि त्या मुलाचा भावी खर्च हिशेबात धरला गेला. गाव त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि काही आठवड्यांत मंत्र्यांना तो निर्णय बदलावा लागला. सरकारने डॉक्टरवर लक्ष ठेवले होते, वहीत त्याची जमा आणि खर्च मांडली होती. गावाने त्याच्याकडे लक्ष दिले होते. ज्याने आपल्या आजाऱ्यांची काळजी वाहिली त्याच्या मुलाची काळजी आपण वाहायची, एवढे साधे न्यायाचे सूत्र गावाला कोणी शिकवावे लागले नाही.

हे सर्व दुसऱ्या देशाचे म्हणून आपण सुस्कारा टाकून मोकळे होऊ शकत नाही. तो तरुण ज्या जिल्हा रुग्णालयातून गेला, तेथील त्याची जागा कोणी घेतली? २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी एक आचारसंहिता स्वीकारली. जेथे टंचाई तीव्र आहे अशा देशांतून माणसे ओढून नेऊ नयेत, असे ती सुचवते. संहिता ऐच्छिक आहे. गरजेच्या प्रदेशाची पोकळी भरते तेव्हा दुसरीकडे एक पोकळी तयार होते, आणि ती पोकळी कोणत्याही राजपत्रात जाहीर होत नाही.

शिवाय आपल्याकडेही गरजेचे प्रदेश आहेत. मेळघाट आहे, गडचिरोली आहे, सातपुड्यातले धडगाव आहे. तेथे आपण बंधपत्राने बांधलेला, नुकताच आंतरवासिता संपवलेला डॉक्टर पाठवतो. त्याची पदवी आपलीच असल्यामुळे त्याच्याविषयी कोणाला शंका येत नाही. आणि शंका येत नाही म्हणून त्याच्याशेजारी कोणी उभेही राहत नाही. कोरकू वा माडिया बोलणाऱ्या आईला तो, आणि त्याला ती, ऑस्ट्रेलियातील कोणाही परक्याइतकीच अनोळखी असते. परदेशात शिकून आलेल्या आपल्याच मुलांसाठी २००२ पासून आपण चाळणी परीक्षा घेतो. परीक्षेने अपात्र गळतात, पण एकटेपण गळत नाही. आपण पारखण्याची व्यवस्था केली, सोबतीची केली नाही. माझ्या शेजारच्या मुलाला तिकडे जे अपमानासारखे वाटले, ते त्याला इथे मिळाले असते, तर कदाचित तो आभार मानत राहिला असता. ज्या रात्री त्याने एकट्याने जखमींचा कक्ष सांभाळला, तिचा आम्हा सर्वांना अभिमान वाटे. आज वाटते, त्या रात्री त्याला एकटे कोणी सोडले, असेही आम्ही विचारायला हवे होते.

गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. एव्हाना त्याची नोंदणी पूर्ण झाली आहे. ते वृद्ध डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्याविषयी बोलताना त्याचा स्वर हळवा झाला. तिसऱ्या महिन्यात एका सायंकाळी छातीत कळ येणाऱ्या एका मेंढपाळाला तो आम्लपित्ताचे औषध देऊन घरी पाठवणार होता. वृद्धाने मान हलवली नाही, खुर्ची ओढून रोग्याशेजारी बसले आणि पाच मिनिटे त्याच्याशी पावसाविषयी बोलत राहिले. त्या बोलण्यातच त्यांना रोग्याची धाप दिसली. मेंढपाळ वाचला. "त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, काका," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी फक्त रोज अर्धा तास लवकर यायला लागले."

आता त्याच्या रुग्णालयात दुसऱ्या एका देशातून एक तरुण डॉक्टर मुलगी आली आहे आणि तिची देखरेख त्याच्याकडे सोपवली गेली आहे. प्रत्येक रोग्याविषयी ती त्याला विचारते, आणि विचारताना तिच्या आवाजात तोच संकोच असतो. मी त्याला त्याच्या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली नाही. निघताना तो एवढेच म्हणाला की परत गेल्यावर कामाची पाळी बदलून घ्यायची आहे. त्या मुलीची रात्रपाळी असते आणि त्याची दिवसाची.